तव्यासकट धावाधाव

बाई हातात तवा घेऊन धावते आहे म्हटल्यावर पुढे नवरा असणार, हा आपला साधा हिशोब. इंग्लंडातल्या ओल्नी गावात मात्र पुढे चर्च असतं.

लेक मिल्टन कीन्सला असते. फेब्रुवारीत तिकडे गेलो, कारण तिकीट स्वस्त होतं. एका मंगळवारी, "बाबा, आज पॅनकेक डे," म्हणत जावयांनी आम्हाला गाडीत घालून ओल्नीला नेलं. उद्यापासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचं व्रत, म्हणून घरातली अंडी, लोणी, दूध आजच संपवायचं. श्रावणाआधी गटारी उरकणाऱ्या महाराष्ट्राला धर्माची ही बाजू समजावून सांगावी लागत नाही. बिचाऱ्यांचं पॅनकेकवर भागतं, एवढाच फरक.

गोष्ट सांगतात ती अशी. १४४५ साली ओल्नीतली एक गृहिणी पॅनकेक करत असताना चर्चची घंटा झाली. पापांची कबुली द्यायची वेळ! बाई तशीच, ॲप्रन बांधलेली, तवा हातात घेऊन धावत सुटली. चुलीवर दुसरं काही होतं का, याबद्दल इतिहास गप्प आहे. तिच्या आठवणीत गावात शर्यत सुरू झाली; पुढे ती मध्येच बंद पडली होती. १९४८ साली तिथल्या पाद्रीबुवांना कपाट आवरताना जुने फोटो सापडले आणि ती परत सुरू झाली. (आमच्याकडे कपाट आवरताना फक्त विजेची बिलं सापडतात.) १९५० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या लिबरल गावानं ओल्नीला आव्हान दिलं. तेव्हापासून दोन्ही गावं एकमेकांच्या वेळा ताडून पाहतात.

आमच्या हिच्या अंगात मालवणचं रक्त. रस्त्यावर तवे दिसताच तिनं पदर खोचला. पण नियम कडक निघाले. फक्त बायका, वय अठराच्या पुढे, आणि गावात किंवा आसपासच्या खेड्यांत निदान तीन महिने वास्तव्य. शिवाय स्कर्ट, ॲप्रन आणि डोक्याला रुमाल. "साडी चालली असती हो," ही म्हणाली, "पण तीन महिने इथे राहून मी खाऊ काय?"

अकरा पंचावन्नला घंटा झाली. बाजारचौकापासून चर्चपर्यंत ४१५ यार्ड. सुरुवातीला पॅनकेक एकदा हवेत उडवायचा, पोहोचल्यावर पुन्हा एकदा. मधल्या वाटेत तो तव्यात असा चिकटून बसतो की मुद्दाम पाडायला गेलं तरी पडायचा नाही. ही पुटपुटली, "जाळीच पडली नाही, सुटेल कसा?" मिनिटभरात सगळं आटोपलं. विजेतीच्या गालावर घंटा वाजवणाऱ्याचं चुंबन आणि लगेच सगळं गाव प्रार्थनेला आत. 'अमेझिंग ग्रेस' हे प्रार्थनागीत लिहिणारे जॉन न्यूटन याच गावात पाद्री होते.

संध्याकाळी लेकीकडे शेजारीपाजारी जमले. पॅनकेकवर साखर भुरभुरायची, लिंबू पिळायचं, गुंडाळी करून खायची. पॅनकेक उडवायलाच हवा, असा शेजारच्या आजोबांचा हट्ट. त्यांचा पहिला पॅनकेक चिमणीच्या हुडावर जाऊन बसला. मग हिनं उलथणं मागितलं, तांदळाचं पीठ शोधलं आणि घावनं घातली. आजोबांनी नारळाच्या दुधात बुडवून चार खाल्ली आणि उद्याही उपवास सुरू करण्याची घाई नाही, असं जाहीर केलं.

ओल्नीला जायचंच असेल तर ईस्टरच्या सत्तेचाळीस दिवस आधीचा मंगळवार धरा आणि साडेअकराच्या आत पोहोचा. घंटेनंतर पाच मिनिटं जरी उशीर झाला तर फक्त रिकामा रस्ता दिसेल.