साडूंची रोषणाई

बोल्टन, 26 डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस शि. सा. न.

बाबा, लाइटच्या माळा पाठव, हा तुमचा निरोप मिळाला. 'गुरुजींच्या माळेपेक्षा लांब पाहिजे' ही अट ऐकून तुमची सून हसत सुटली. कारण काल रात्रीच आम्ही तुमचा आणि गुरुजींचा, म्हणजे दोन शेजारी साडूंचा, सिनेमा पाहिला.

नाव 'ख्रिसमस लाइट्स'. 2004 साली इथल्या आयटीव्हीनं नाताळात दाखवलेला. कॉलिन आणि हॉवी (रॉब्सन ग्रीन आणि मार्क बेन्टन) जिवलग मित्र, साडू, शेजारी, वर नोकरीही एकाच ठिकाणी. एवढं जवळ राहिल्यावर भांडण व्हायचंच! एकाला बढती मिळते, दुसऱ्याच्या पोटात दुखतं. तसं तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून घरांवर दिवे चढायला लागतात. इथं डिसेंबरात चार वाजताच अंधारतं, त्यामुळे कोणाचे किती हे सगळ्या गल्लीला दिसतं.

तुमचं म्हणणं, तुमचं आणि गुरुजींचं भांडण नालीच्या पाण्याचं. मधे ते बोरीच्या फांदीचंही होतं. आईला फोनवर विचारलं, तर म्हणते, "कायची नाली न् कायची बोर! गुरुजी यांच्या आधी हेडमास्तर झाले ना, तवापासून चालू हाय."

चढाओढीला माझी ना नाही. कोलकात्यानंतर देवीचा उत्सव यवतमाळचाच, असं आपण जगभर सांगत फिरतो. तो काय समजूतदारपणावर मोठा झाला? एका चौकाचा देखावा गाजला की दुसऱ्या चौकातल्या पोरांची झोप उडते. पण त्यात दारव्हा-पुसदहून आलेल्यांचे डोळे तरी निवतात. तुमच्या दोघांच्या रोषणाईत फक्त नाली उजळते.

सिनेमाचा शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, 2006 मध्ये त्याच जोडीची 'नॉर्दर्न लाइट्स' नावाची मालिका निघाली. म्हणजे तुम्हाला अजून वाव आहे.

माळा घेतल्या आहेत. व्होल्टेज इथंही 230च, काळजी नको. पिना तेवढ्या चौकोनी आणि जाड, आपल्या बोर्डात बसणार नाहीत, अडॅप्टर लागेल. आई म्हणते, तसला अडॅप्टर आपल्याकडे एकाच दुकानात मिळतो. गुरुजींच्या धाकट्याच्या.

तुमचा,
बाळू