काखेत अलास्का, कॅनडाला वळसा

प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक पेटी वाजवणारा असतो, एक 'पुढच्या वर्षी मी नाही हं' म्हणणारा अध्यक्ष असतो आणि एक कागदपत्रांचा माणूस असतो. सिएटलच्या पूर्वेला, सॅमॅमिश भागात, तो कागदपत्रांचा माणूस म्हणजे मी. लोक मला गणपतीच्या आरतीतून कोपऱ्यात ओढतात आणि व्हिसाचं विचारतात. एकदा तर मी हातात ताम्हण धरून एकाला आय-९४ हा मुक्कामाच्या मुदतीचा कागद समजावला होता. फी घेत नाही. फक्त पूर्ण ऐकून घ्यावं लागतं.

त्यातही क्रूझ हा माझा हातखंडा विषय. एच-वनवाल्याच्या पासपोर्टावरच्या व्हिसाची मुदत संपली असेल, पण आय-९४ चालू असेल, तर मेक्सिको किंवा कॅनडाहून ३० दिवसांच्या आत अमेरिका त्याला परत घेते. त्याच माणसाने त्याच व्हिसावर बहामाला जाणारी बोट धरली, तर परतीच्या धक्क्यावर त्याची पंचाईत होते. विद्यार्थ्यांना मात्र तिथली बेटंही चालतात, फक्त क्युबा नाही. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की मला येताना पाहून लोक पार्किंगमध्ये वाट बदलतात.

तर गेल्या उन्हाळ्यात कराडहून आई-बाबा आले. दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. बायको म्हणाली, "त्यांना अलास्का दाखवू या. सिएटलहून बोट सुटते, सात रात्रींनी सिएटललाच परत."

"कॅनडाचा व्हिसा लागेल," मी म्हणालो.

"अरे, अलास्का अमेरिकेतच आहे ना?"

अशा प्रश्नांसाठीच माझा जन्म झालाय. मी खुर्ची पुढे ओढली. अलास्का अमेरिकेने रशियाकडून १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरला विकत घेतला, तेव्हा तो अमेरिकेतच आहे. पण १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकी बंदरांमधून नुसतीच प्रवाशांची ने-आण करायची नाही; निघालं त्याच बंदरात परतणार असेल, तर मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यायचं. आपल्या माणसांच्या नावा चालाव्यात म्हणून केलेला हा कायदा. आता बहुतेक सगळी क्रूझ जहाजं बहामा, पनामा असल्या झेंड्यांची. अमेरिकी झेंड्याचं एकच मोठं जहाज उरलंय, ते हवाईत फिरतं. म्हणून सिएटलची जहाजं अलास्का दाखवून परतताना कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी टेकतात आणि मध्यरात्री सुटतात. कोविडमध्ये कॅनडाने बंदरं बंद केली, तेव्हा अलास्काचा उन्हाळा वाचवायला २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेला तात्पुरता वेगळा कायदा करावा लागला.

"म्हणजे चार तासांसाठी व्हिसा?" बायको.

"बोटीवरून उतरले नाहीत तरी."

बाबांना हे फार आवडलं. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. वीस फूट रस्त्यासाठी तीन गावांच्या तलाठ्यांचे दाखले त्यांनी मागितलेले आहेत. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

मग आमच्या घराची कचेरी झाली. माणशी व्हिसाचे १०० कॅनडा-डॉलर, बोटांच्या ठशांचे वेगळे. बँकेची पत्रं, माझं आमंत्रण, जहाजाचं तिकीट. शिवाय एक कुटुंबाचा फॉर्म, त्यात सगळ्या भावंडांच्या जन्मतारखा हव्या. आई सात भावंडांतली दुसरी.

"धाकट्या मामाची जन्मतारीख?"

"कोयनेचा भूकंप झाला ना, त्याच्या आधीच्या आषाढात. पाऊस लागला होता."

भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मी मागे मोजत गेलो, पंचांग शोधलं आणि मामाला जन्म दिला. कॅनडा सरकारला आता आमच्या मामाची तारीख माहीत आहे. खुद्द मामाच्या आधार कार्डावर वेगळीच आहे.

बाबांचा एकच आग्रह : प्रत्येक कागदाची मूळ प्रत, एक झेरॉक्स आणि 'जास्तीची' एक झेरॉक्स. पाच आठवड्यांनी दोघांचे व्हिसे आले. बाबांनी पानावर अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "शिक्का बरा आहे."

माझं नि बायकोचं सोपं होतं. दोघं ग्रीनकार्डवाले, कॅनडाला व्हिसा लागत नाही, ग्रीन कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही दाखवले की झालं. चौथीतली लेक इथेच जन्मलेली. अशा ये-जा बोटीवर तिला जन्मदाखलासुद्धा पुरतो. घरात सगळ्यात कमी कागद तिचा आणि सगळ्यात जास्त सामानही तिचं.

निघायच्या दिवशी, शनिवारी, सकाळी मला वाटलं, एक जास्तीचा संच असू द्यावा. सगळे पासपोर्ट एकेक करून छापयंत्राच्या झाकणाखाली ठेवले. माझा सगळ्यात शेवटी. या उपद्व्यापात निघायला उशीर झाला. त्यात ५२० महामार्गाचा तरंगता पूल त्या शनिवार-रविवारी कामासाठी बंद, म्हणून सगळी गर्दी दुसऱ्या पुलावर. धक्क्यावर पोचलो तेव्हा नोंदणी बंद व्हायला पन्नास मिनिटं होती.

रांग मोठी होती. पुढे एक गुजराती कुटुंब उभं होतं. त्यांच्या आजोबांनी सहज विचारलं, "ये कॅनडा का क्या झंझट है?" झालं. मी १८८६ पासून सुरुवात केली. कायदा मोडला तर मूळ दंड माणशी दोन डॉलर होता, पुढे दोनशे झाला, आता नऊशेच्या वर गेलाय, इथपर्यंत आलो आणि आमचा नंबर लागला.

आई झाली. बाबा झाले. काउंटरवरच्या बाईने कॅनडाचा व्हिसा नीट पाहिला, तेव्हा बाबांनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. बायको झाली. लेक झाली. मग मी फोल्डर उघडला. ग्रीन कार्ड होतं. पासपोर्टाची झेरॉक्स होती. पासपोर्टाची दुसरी झेरॉक्स होती. कोपरा कापलेला, रद्द झालेला जुना पासपोर्टही होता, कारण अनुभवी माणसं जुने पासपोर्ट जवळ ठेवतात.

"मूळ प्रत?" बाबा म्हणाले.

मूळ प्रत सॅमॅमिशला, छापयंत्राच्या झाकणाखाली पालथी पडली होती.

घरी जाऊन यायला पूल बंद असताना दोन तास. नोंदणीला उरली पंधरा मिनिटं. माझं डोकं मात्र चालू होतं. मी त्या बाईला म्हणालो, "काही हरकत नाही. मी विमानाने जुनोला येतो, तिथे बोटीवर चढतो." जुनोला रस्ता जात नाही, विमान नाहीतर बोटच लागते, हीही माहिती मी तिला दिली.

ती अगदी शांतपणे म्हणाली, "तसं चालणार नाही, सर. जुनोला चढून सिएटलला उतरलात तर ती दोन वेगळ्या अमेरिकी बंदरांमधली वाहतूक होते, मध्ये व्हिक्टोरिया असलं तरी. १८८६ चा एक कायदा आहे."

मागे गुजराती आजोबा उभे होते. त्यांनी काही म्हटलं नाही. नुसती मान हलवली, पाठ झालेला धडा ऐकताना मास्तर हलवतात तशी.

बायकोने माझ्या हातातून फोल्डर काढून घेतला. "तू घरी जा. फ्रिजमध्ये पिठलं आहे." लेक म्हणाली, "बाबा, मी तुला फोटो पाठवीन." आईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मला अमेरिकेतून काढून टाकलंय. चार वाजता जहाज सुटलं. धक्क्यावर हात हलवत उभं राहायला मी एकटाच होतो, कारण हल्ली क्रूझला पोचवायला कुणी येत नाही.

आठवडाभर मी पिठलं खाल्लं आणि फोटो पाहिले. शुक्रवारी मात्र राहवलं नाही. मूळ प्रत शर्टाच्या खिशात, खिशाला बटण, अशा थाटात सकाळच्या फेरीबोटीने पावणेतीन तासांत व्हिक्टोरियाला पोचलो. तिकडे अधिकाऱ्याने कार्ड नि पासपोर्ट पाहून मिनिटभरात सोडलं. रात्री आठला जहाज लागलं. आई उतरली ती सांगतच, "बर्फ पाहिला रे. आपला जुना फ्रिज डीफ्रॉस्ट करायचा राहून जायचा ना, तस्सं. फक्त मोठं."

बाबा मात्र गप्प होते. शेवटी म्हणाले, "शिक्का मारलाच नाही."

"कुणी?"

"कुणीच. व्हिसाचं पान उघडून हातात धरून उतरलो. सगळे हसून 'वेलकम' म्हणतात. बिनशिक्क्याचा कागद म्हणजे काय, लग्नपत्रिका?"

चार तास आम्ही बंदरावर फिरलो. मध्यरात्री ते चौघं सिएटलकडे निघाले. मला रात्री बोट नव्हती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. त्यामुळे माझी माणसं सकाळी टॅक्सी करून घरी पोचली, आणि मी त्यांना भेटायला म्हणून अजून परदेशात.

परतीच्या बोटीआधी अमेरिकी अधिकाऱ्याने विचारलं, "कॅनडात कशाला आला होता?"

"आई-वडिलांना भेटायला."

"ते कॅनडात राहतात?"

"नाही. भारतात, कराडला."

"मग आत्ता ते कुठे आहेत?"

"माझ्या घरी. सिएटलजवळ."

त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," मी म्हणालो, "१८८६ मध्ये..."