चुकलेले मथळे आणि चिरंजीवपद

मथळा म्हणजे बातमीच्या डोक्यावर ठळक टाइपात बसवलेली आणि बातमी न वाचताही ती वाचल्याचे समाधान वाचकाला मिळवून देणारी ओळ होय. तिचे आयुष्य सामान्यतः एका दिवसाचे असते. दुसऱ्या दिवशी ती रद्दीच्या गठ्ठ्यात जाते आणि तेथून भेळेच्या कागदाच्या रूपाने पंचत्वात विलीन होते. या नियमाला अपवाद एकच, तो असा की जो मथळा साफ चुकतो, तो लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि क्वचित ज्याच्याविषयी तो लिहिला त्यालाही पुरून उरतो. अमेरिकी वृत्तपत्रांनी या अपवादाची इतकी ठसठशीत उदाहरणे पुरवली आहेत की त्यांचे वर्गीकरण करणे सहज शक्य आहे.

पहिला वर्ग भविष्यकथनाचा. सॅम्युएल लँग्ली यांचे विमान ७ ऑक्टोबर १९०३ रोजी पोटोमॅक नदीत कोसळले, तेव्हा दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘न उडणारी उडती यंत्रे’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली असे अनुमान मांडले की गणितज्ञ आणि यंत्रज्ञ यांनी मिळून अखंड परिश्रम केल्यास खरोखर उडणारे यंत्र दहा लाख ते एक कोटी वर्षांत तयार होऊ शकेल. अंदाजात पुरेशी मोकळीक ठेवावी, हा दंडक येथे उदारपणे पाळलेला दिसतो. परंतु राइट बंधूंना तेवढा धीर नसल्यामुळे त्यांनी १७ डिसेंबरलाच, म्हणजे ६९ दिवसांत, किटी हॉक येथे उड्डाण केले. नॉरफोकच्या ‘व्हर्जिनियन-पायलट’ने दुसऱ्या दिवशी ही बातमी पहिल्या पानावर दिली खरी, मात्र मथळ्यात विमान तीन मैल उडाल्याचे जाहीर केले, प्रत्यक्षात त्या दिवसाचे सर्वांत लांब उड्डाण ८५२ फुटांचे, म्हणजे मैलाच्या सहाव्या हिश्श्याएवढे होते. एका पत्राने विमान जमिनीवरून हलू दिले नव्हते. दुसऱ्याने ते जमिनीवर उतरू दिले नाही.

दुसऱ्या वर्गात मथळा बरोबर असतो आणि वृत्तपत्रच त्याला खोटे पाडते. रॉबर्ट गॉडर्ड यांच्या मते अग्निबाण चंद्रापर्यंत पोहोचू शकतो, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १२ जानेवारी १९२० रोजी पहिल्या पानावर दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच पत्राच्या संपादकीय पानाने या प्राध्यापक महाशयांची कानउघाडणी केली की निर्वात पोकळीत अग्निबाणाने रेटा द्यावा असे काहीच नसते आणि एवढे शाळकरी ज्ञानही त्यांच्यापाशी नाही. वस्तुतः अग्निबाण हवेला रेटून नव्हे, तर स्वतःतील वायू मागे फेकून पुढे जातो, आणि न्यूटनचा हा तिसरा नियम शाळेतच शिकवतात. तेव्हा शाळेत परत जाण्याची सूचना योग्यच होती, फक्त ती पाठवताना पत्ता चुकला. अपोलो ११ हे यान १६ जुलै १९६९ रोजी चंद्राकडे झेपावले आणि १७ जुलैच्या अंकात शुद्धिपत्र, म्हणजे झालेल्या चुकीची छापील कबुली, प्रसिद्ध झाले. त्याला ४९ वर्षे लागली आणि गॉडर्ड १९४५ मध्येच निवर्तले होते, हे खरे. तरीही माणूस चंद्रावर उतरण्याच्या तीन दिवस आधीच पत्राने आपले शब्द मागे घेतले, ही संपादकीय परंपरेच्या मानाने घाईच म्हणावी लागेल.

तिसरा वर्ग मात्र निखळ घाईचा असून त्याचा मुकुटमणी ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा ३ नोव्हेंबर १९४८ चा अंक आहे. अध्यक्षपदाच्या त्या निवडणुकीत विद्यमान अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे टॉमस ड्यूई जिंकणार याविषयी जाणकारांची इतकी खात्री होती की मतचाचण्या घेणारे एल्मो रोपर यांनी आपले आकडे यापुढे प्रसिद्ध न करण्याचे सप्टेंबरमध्येच जाहीर केले. ‘ट्रिब्यून’ त्या पक्षाचे कट्टर कैवारी असल्यामुळे तेथे अंदाज आणि इच्छा यांत फरक उरलेला नव्हता. त्यातच छपाईसाठी खिळे जुळवणारे कामगार संपावर असल्याने मजकूर टंकलिखित करून, त्याचे छायाचित्र घेऊन आणि त्यावरून ठसे बनवून अंक छापावा लागे, म्हणून पहिली आवृत्ती कित्येक तास आधी छपाईला सोडणे भाग होते. तेव्हा मोजणीची वाट न पाहता वॉशिंग्टनचे प्रतिनिधी आर्थर सीअर्स हेनिंग यांच्या भाकितावर भिस्त ठेवून ‘ड्यूईंकडून ट्रूमन पराभूत’ अशा अर्थाचा मथळा पानाच्या माथ्यावर चढवला गेला आणि त्याच्या सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या. ट्रूमन १८९ विरुद्ध ३०३ निर्वाचक मतांनी विजयी झाले आणि ४ नोव्हेंबरला सेंट लुईस स्थानकावर आगगाडीच्या मागच्या सज्जातून तो अंक त्यांनी हसत हसत उंच धरला.

कार्यकारणभावाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. संपाचे कारण टाफ्ट-हार्टली कायदा, म्हणजे कामगार संघटनांच्या अधिकारांना मर्यादा घालणारा १९४७ चा कायदा होता. तो ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरून अडवला असतानाही रिपब्लिकन बहुमताच्या काँग्रेसने नेटाने संमत केला. कायद्यातून संप, संपातून घाई, घाईतून मथळा आणि मथळ्यातून अजरामर छायाचित्र, असा हा क्रम पाहता ट्रूमन यांना ती भेट त्यांच्या विरोधकांनीच मोठ्या कष्टाने मिळवून दिली, असा निष्कर्ष निघतो.

पुढे त्या निवडणुकीच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त याच मथळ्याची प्रतिकृती असलेले स्मृतिफलक ट्रूमन यांना देण्याचे ‘ट्रिब्यून’ने योजले, परंतु २६ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले आणि पहिल्या खेपेस घाई नडलेल्या पत्राला दुसऱ्या खेपेस उशीर नडला. तथापि या योजनेतून एक व्यावसायिक सत्य नकळत मान्य केले गेले. त्याच पत्राने निवडणुकीच्या वर्षी छापलेल्या शेकडो अचूक मथळ्यांपैकी एकाचेही स्मृतिफलक करावे असे कोणाला सुचले नव्हते. तेव्हा होतकरू उपसंपादकाने एवढे ध्यानात ठेवावे की बिनचूक मथळ्याला महिनाअखेर पगार मिळतो. स्मारक हवे असल्यास निकालाआधी पान सोडावे लागते.