शंभर नावांची यादी

घरबसल्या व्यवसायाला भांडवल लागत नाही, असं सांगतात. लागते फक्त एक वही. तिच्यात शंभर नावं लिहायची. ओळखीची, अर्धवट ओळखीची, कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसलेली. मामेसासूबाई लिहायच्या, शाळेतल्या बाकावरची मैत्रीण लिहायची, मुलाच्या क्लासच्या बाई लिहायच्या, सिलिंडर आणून देणारा लिहायचा. 'कोण हो म्हणेल, कोण नाही, हे आपण ठरवायचं नाही,' अशी अपलाइन मॅडमची, म्हणजे आपल्याला या धंद्यात ओढणाऱ्या बाईंची, ताकीद असते. शंभर भरेनात तर मोबाइल उघडून 'अ'पासून सुरुवात. भांडवल लागत नाही ते या अर्थाने. तुमच्या आईवडिलांनी तीस-चाळीस वर्षं बारशी-मुंजींना आहेर करून जे जमवलं, ते सगळं आयतं वहीत उतरतं.

मग फोन. फोनवर वस्तूचं नाव काढायचं नाही, हा पहिला धडा. 'अगं, सहज केला होता. रविवारी मोकळी आहेस का? एका सरांशी भेट घालून द्यायची आहे.' कुठले सर, कशाचे सर, असं विचारलं की 'ते फोनवर नाही सांगता येणार.' जिला दहा वर्षांत तुमचा वाढदिवस आठवला नाही, तिला एकाएकी तुमच्या फायनान्शियल फ्रीडमची काळजी वाटू लागली की समजावं, तिच्या वहीत तुमचा नंबर सत्तरच्या पुढे आहे. पहिले सत्तर फोन उचलत नाहीत.

युरेका फोर्ब्स १९८२ साली आली आणि टाय लावलेली पोरं व्हॅक्युम क्लीनर घेऊन दारोदार फिरू लागली. आपण त्यांची टर उडवली, पण त्या पोरांचा एक मोठा गुण होता. ती अनोळखी होती. गादीतली धूळ दाखवून झाली की 'नको' म्हणून दार लावता येत होतं, आणि त्याची चर्चा पुढच्या डोहाळजेवणात होत नव्हती. मावसबहिणीला 'नको' म्हणण्याची सोय अजून कुठल्याही कंपनीने काढलेली नाही. काढणारही नाही, कारण सगळा धंदा या गैरसोयीवर चालतो. माल पटला म्हणून घेणारे असतात, नाही असं नाही. पण तीनशेच्या शांपूत किती रुपये शांपूचे आणि किती भिडेचे, याचा हिशेब एकदा घेणाऱ्याने आणि एकदा विकणाऱ्याने प्रामाणिकपणे करून पाहावा.

ही युक्ती मूळची अमेरिकेची. अर्ल टपर नावाच्या गृहस्थांनी हवाबंद झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे केले. दुकानात ते पडून राहिले, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे गिऱ्हाइकाला उमगेना. ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी घरी बायका जमवून ते करून दाखवलं. माल इतका खपला की १९५१ साली कंपनीने डबे दुकानांतून काढूनच घेतले आणि विक्रीचा सगळा कारभार या बाईंच्या हाती दिला. १९५४ साली त्या 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकल्या. तिथे झळकणारी ती पहिली स्त्री. १९५८ साली टपरसाहेबांनी त्यांना काढून टाकलं, त्यांच्या नावावर कंपनीचा एक शेअरही नव्हता. त्याच वर्षी साहेबांनी कंपनी विकली, एक कोटी साठ लाख डॉलरला. 'स्वतःची मालकीण स्वतः व्हा' हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं तर ब्राउनीबाईंचं पुढे काय झालं, एवढं विचारावं.

टपरवेअर १९९६ साली भारतात आलं तेव्हा त्यांना इथे पार्टी शिकवावी लागली नसेल. हळदीकुंकू तयारच होतं. बायका जमलेल्या, खाणं ठरलेलं, आणि संक्रांतीला वाण म्हणून काहीतरी लुटणं भागच. डबा चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. ऑफिसच्या बॅगेत आमटी सांडत नव्हती. झाकण शाळेत विसरून आलेल्या मुलाची घरी जी उलटतपासणी होई, ती वह्यापुस्तकं हरवल्यावर होत नसे. ज्या बायकांनी हे डबे विकले, त्यांनी पैसे घेऊन वस्तू दिली आणि वस्तूने काम केलं. इतकं साधं. कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हाही आपल्याकडचे डबे फ्रीजमध्ये जागच्या जागी होते. एक तेवढा शेजारी गेलेला, तो अजून यायचाय.

घोटाळा सुरू होतो तो वस्तू विकण्याचा कंटाळा येतो तिथे. आणि कंटाळा का येतो, ते गणितात आहे. समजा, मालावर २० टक्के सुटतात आणि घरखर्चाला हातभार म्हणून महिन्याला १५ हजार हवेत. म्हणजे ७५ हजारांचा माल खपवायला हवा. सोसायटीत ५० बिऱ्हाडं आहेत आणि सगळीच्या सगळी तुमची गिऱ्हाइकं झाली, असं धरा (पाण्याच्या मोटरवरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे तीसुद्धा). तरी प्रत्येक घराने दर महिन्याला १५०० रुपयांची खरेदी करायला हवी. टूथपेस्ट संपून संपून किती संपणार? दोन महिन्यांत हे ध्यानात येतं, आणि नेमक्या त्याच वेळी अपलाइन मॅडम खांद्यावर हात ठेवून म्हणतात, 'तू विकू नकोस गं. तू टीम बनव.'

टीमचं गणित फळ्यावर काढून दाखवतात. तुम्ही सहा जण आणायचे, त्यांनी प्रत्येकी सहा, त्यांनी सहा. फळ्यावर साधारण चौथ्या ओळीला खडू थांबतो आणि परदेशी समुद्रकिनाऱ्याचा फोटो लागतो. आपण खडू पुढे चालवू. सातव्या ओळीला २ लाख ७९ हजार माणसं होतात. नवव्या ओळीला एक कोटीच्या वर, दहाव्या ओळीला सहा कोटी. अकराव्या ओळीला ३६ कोटी. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, पाळण्यातली पोरं धरून. तेराव्या ओळीला पृथ्वी संपते. म्हणजे कुणीतरी शेवटची ओळ असणारच आणि ती सगळ्यात लांब असणार. समुद्रकिनाऱ्यावर जागा मुळातच कमी असते.

त्या शेवटच्या ओळीचं काय होतं, ते पाहायला घरातला बॉक्सचा पलंग उघडावा. महिनाअखेर आली की पॉइंट भरायचे असतात. पॉइंट भरले नाहीत तर लेव्हल जाते, लेव्हल गेली तर तीन महिन्यांची मेहनत जाते. म्हणून तीस तारखेला स्वतःच स्वतःकडून प्रोटीन पावडरचे चार डबे घ्यायचे. कंपनीच्या दप्तरी ही विक्री, घरच्या दप्तरी हा धंदा, आणि नवऱ्याला सांगायचं की स्टॉक आहे. पलंगाखाली एवढी पौष्टिक पावडर असलेलं घर एरवी पहिलवानांचंच असायचं. या धंद्यातलं सगळ्यात हुकमी गिऱ्हाईक म्हणजे विक्रेतीच. ते कधी घासाघीस करत नाही, माल परत करत नाही, आणि तक्रार करायला गेलं तर त्याला सांगतात, तुझा माइंडसेट निगेटिव्ह आहे.

कायद्याला हे सगळं ठाऊक आहे. पैशाच्या फिरवाफिरवीच्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८चा आहे, म्हणजे आज प्लॅन दाखवणाऱ्या निम्म्या सरांच्या जन्माआधीचा. त्यानंतर डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. त्यात पिरॅमिड योजना, म्हणजे मालापेक्षा माणसं जोडण्यावर चालणाऱ्या योजना, चालवायला मनाई आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, असंही आहे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा बॅग घेतलेला अनोळखी तरुण असावा. आत्याबाई गळ्यात ओळखपत्र घालून, वेळ घेऊन आल्या आहेत, हे दृश्य बघायला मिळालं तर मी त्यांच्याकडून दोन साबण घेईन.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ साली अॅमवे ही थेट विक्रीची कंपनी पिरॅमिड नाही, असा निवाडा दिला. तो निवाडा एवढा एका ओळीचा नव्हता. कंपनीच्या नियमांत लिहिलेलं होतं की घेतलेल्या मालातला ७० टक्के माल पुढे विकायचा, महिन्याला दहा गिऱ्हाइकांना विकल्याचं दाखवायचं, आणि नको असलेला माल परत घ्यायचा. त्या नियमांच्या बळावर कंपनी सुटली. कमाईचे फुगवलेले आकडे सांगितल्याबद्दल त्याच निवाड्यात तिचे कानही उपटले आहेत. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने याच कंपनीची ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली. आरोप असा की सगळा भर वस्तूंवर नसून सभासद होऊन श्रीमंत कसं व्हायचं, हे सांगण्यावर आहे. कंपनीला आरोप मान्य नाहीत. माझं म्हणणं कुठल्या एका कंपनीबद्दल नाही. रविवार सकाळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये बसून बघा, अडीच तासांत साबणाचा विषय किती मिनिटं निघतो ते.

अॅमवे मिशिगनमध्ये निघाली ते साल १९५९. त्याच १९५९ च्या १५ मार्चला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत. सकाळी केंद्रावरून पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, नेऊन द्यायचं, लाटण्याचे पैसे घ्यायचे. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचाच. विक्रीची पद्धत वेगळी आहे, मान्य. पापड तिथे दुकानांतूनच जातो, लाटणारीला दारोदार हिंडावं लागत नाही. पण घरबसल्या बाईच्या हातात पैसा यावा, हे दोन्हीकडचं वचन एकच. फरक इतकाच की लिज्जतमध्ये तुम्ही शेजारणीला घेऊन गेलात तर तिच्या पापडावर तुम्हाला कमिशन नाही. तिथे डायमंड, डबल डायमंड असल्या पदव्या नाहीत. सगळ्या नुसत्या 'बहेन'. असल्या संस्थेच्या मीटिंगला टाळ्या कोण वाजवणार? हात पिठाचे.

आणि खरंच घरबसल्या यशस्वी धंदा करणाऱ्या बायका पाहायच्या तर त्या गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या धंद्याला कुणी मॉडेल म्हणत नाही, एवढंच. सुरतेहून गाठोडं आणून आतल्या खोलीत साड्यांचं कपाट उघडणाऱ्या काकू. त्यांना कुणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे, कुणाला जांभळा शोभत नाही, कोण हप्ते वेळेवर देतं आणि कोण देवदर्शनाला गेल्याचं सांगून पुढच्या दाराने निसटतं, हे सगळं तोंडपाठ. उधारीची वही लाल, तीवर हळदीचं बोट. घडी मोडली नसेल तर साडी बदलून देतात, काठाला डाग निघाला तर बोलणी खातात. दुसऱ्या, फराळवाल्या. दसरा झाला की ऑर्डर घेतात, निम्मे पैसे आधी. बेसन किती चढलं, तेलाचा डबा कितीला पडला, मदतीच्या बाईला दिवसाचे किती, हे त्यांना झोपेत विचारा. चकली मऊ पडली तर पुढची दिवाळी गेली, हे त्यांना कुठल्या सेमिनारशिवाय कळलेलं असतं.

अशाच एका फराळवाल्या बाईंना एका सरांनी प्लॅन समजावला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'म्हणजे मी चकली करायची नाही, चकली करणाऱ्या सहा जणी शोधायच्या. त्यांनीही करायची नाही, अजून सहा जणी शोधायच्या. बरोबर? मग ऐन दिवाळीत लोकांनी खायचं काय?' सरांनी त्यांना बिग पिक्चर दिसत नसल्याबद्दल खंत व्यक्त केली आणि जाताना अर्धा किलो चिवडा घेतला. रोख.

तेव्हा येत्या रविवारी तुम्हाला कुठल्या सरांना भेटायला नेलं, तर वाद घालू नका, गणित सांगू नका, १९७८ तर मुळीच सांगू नका. एकच मागा. गेल्या महिन्यात टीमबाहेरच्या माणसांना विकलेल्या मालाची बिलं. साडीवाल्या काकू लाल वही अर्ध्या मिनिटात काढून पुढे टाकतात. समोरून बिलांऐवजी 'व्हिजन' हा शब्द आला तर चहा पिऊन उठावं. चहाची पावडरही कंपनीचीच निघाली, तर अर्धा कप पुरे.