तेलाची बरकत

ज्या वस्तूच्या खात्यावर वर्षानुवर्षे केवळ खर्चच पडत आला, तिच्यात एके दिवशी काहीही न ओतता आपोआप वाढ झालेली दिसावी, असा योग संसारी माणसाच्या वाट्याला सहसा येत नाही. म्हणून ऐन श्रावणात, चिपळूणच्या आमच्या अंगणात, मी जुन्या जीपखाली शिरून मागच्या डिफरन्शियलचे भरणीचे बूच ढिले केले आणि तेलाची पातळी पाहण्यासाठी आत बोट घालण्याच्या आतच तेल आपणहून मनगटावर ओघळू लागले, तेव्हा मला द्रौपदीच्या थाळीचे स्मरण झाले, हा दोष निवृत्त संस्कृतशिक्षकाच्या पदरी घालून वाचकांनी क्षमा करावी.

ही जीप मला मेहुण्याकडून मिळाली. ‘मिळाली’ हा शब्द सौभाग्यवतींचा. माझ्या मते ती माझ्यावर समन्सासारखी बजावण्यात आली. इंजिन वगळता तिच्यात तेलाचे चार स्वतंत्र महाल आहेत: गिअरबॉक्स, त्याला खेटून बसलेला ट्रान्सफर केस, आणि पुढला व मागला असे दोन डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक वाट चालावी लागते, आणि एकाच दांड्यावर जखडलेल्या दोन चाकांना हे जमत नाही. ती अडचण ओळखून पेकर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी ज्या दातेरी चाकांच्या तडजोडीचे पेटंट घेतले, तिचाच वंशज माझ्या अंगणात, सुमारे सव्वा लिटर तेलात बुडून, नांदत होता. घड्याळजीच्या कल्पनेत जीप नव्हती, कोकणातला पाऊस तर नव्हताच नव्हता.

ज्येष्ठात या महालाच्या माथ्यावरील एका चिमुकल्या टोपणातून तेल पाझरताना मला दिसले. त्या टोपणास मिस्त्री लोक ‘ब्रीदर’ म्हणतात आणि ते तेथे सहेतुक असते, ही माहिती तेव्हा मजपाशी नव्हती. पेट्रोलच्या टाकीची गळती कपडे धुण्याच्या साबणाने थांबवतात, एवढे व्यवहारज्ञान मात्र होते. त्या आधारे मी ते छिद्र साबणाने बुजवले, गळती थांबली, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा बागेकडे जाताना वाटेतला पऱ्या मी गाडी न थांबवता, दोन्ही अंगांनी पाणी उडवीत, काहीशा विजयी मुद्रेने ओलांडत राहिलो.

वाढीव तेलाचा रंग तेवढा खटकला. नव्वद नंबरचे तेल मधासारखे असावे, ते मसालेदुधासारखे दिसत होते. वाटीत घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वाटी हातातही घेतली नाही.

“मास्तर, दोन थेंब तापल्या तव्यावर टाकून बघा. तडतडलं तर पाणी. आणि गाडी रात्रभर हलवू नका, सकाळी येतो.”

तव्याला हात लावण्याचे धाडस मजपाशी नव्हते, म्हणून मी फोडणीची पळी घेतली. या तेलात दातांवरचा प्रचंड दाब सोसावा म्हणून गंधकयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ती तापली असता जो परिमळ सुटतो त्याचे वर्णन संस्कृत वाङ्मयात करावयाचे झाल्यास नरकाधिकाराचीच पाने उलटावी लागतील. तडतड तर अशी झाली की मोहरीने लाजून मान खाली घालावी. शेजारच्या काकूंनी खिडकीतून “आज काय केलंय?” अशी पृच्छा केली. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून फक्त म्हणाल्या, “अहो, ती पळी आता तुमची.” पुढचे तीन दिवस आमटीला फोडणी बसली नाही.

सकाळी मिस्त्रींनी प्रथम वरचे, भरण्याचे बूच मोकळे होते की नाही याची खातरजमा केली. खालून रिकामे करण्याची मला घाई झाली होती. “आधी वरचं. खालचं काढून तेल सोडलं आणि वरचं गंजून बसलेलं निघालं, तर मग काय गाडीचं श्राद्ध घालायचं?” मग खालचा ड्रेन नट त्यांनी हलक्या हाताने सैल केला. पाणी तेलाहून जड. रात्रभराच्या विश्रांतीत त्यातले जे सुटे होते ते तळाशी उतरले होते, आणि आधी तेच, गढूळ, पेलाभर, बाहेर आले. त्यामागून ताक. नीरक्षीरविवेक हंसाला येतो असे मी तीस वर्षे मुलांना शिकवले. तो बावीस नंबरच्या पान्यालाही येतो, निदान अर्धामुर्धा, हे त्या दिवशी कळले.

नंतर पंचनामा सुरू झाला आणि वरच्या टोपणातून साबण निघाला.

“हे कुणी केलं?”

मी मौन पाळले. चालून चालून डिफरन्शियल तापतो, मिस्त्री सांगू लागले, आणि तापलेली हवा फुगते. गाडी तशीच थंड पाण्यात घातली की ती आकसते. मी मनात हिशेब केला: ८० अंशांवरची हवा २५ अंशांवर उतरली की जवळपास सहावा हिस्सा कमी होते. ही तूट भरून काढण्यासाठी आतला महाल श्वास ओढतो; तो नाकाने घेऊ दिला नाही, तर जुन्या ऑइल सीलांच्या फटींतून घेतो, आणि त्या फटी त्या वेळी पाण्याखाली असतात. “बेअरिंगला गंज धरतो, मग दात घुंघुं करतात. तुम्ही गाडीचं नाक दाबलंत, मास्तर.” ज्या इसमाच्या घरी रोज पहाटे अर्धा तास प्राणायाम चालतो, त्याच्याविरुद्ध याहून लाजिरवाणा आरोप संभवत नाही.

पुढील दोन दिवस स्वस्त तेल भरणे, गाडी थोडी फिरवणे, गरम असतानाच ते सोडणे आणि बाहेर येणारा रस निवळेपर्यंत हा विधी पुन्हा करणे, यात गेले. गिअरबॉक्समध्येही दुधाची किंचित छटा आढळल्याने त्यालाही तेच प्रायश्चित्त मिळाले. नवे सील बसले, ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक पाण्याच्या आवाक्याबाहेर उंच बांधले गेले, आणि मिस्त्रींनी निघताना ताकीद दिली की पऱ्याच्या अलीकडे गाडी अर्धा तास निववून मगच पाण्यात घालावी.

पुढच्याच खेपेस मी आज्ञेबरहुकूम काठावर थांबलो. इंजिन बंद केले, गाडीखाली वाकून डिफरन्शियलला तळहात लावला. चांगलाच चटका बसला. सौभाग्यवतींनी थर्मासमधून चहा ओतला. एवढ्यात भातलावणीहून परतणारी मंडळी जमली. “बंद पडली काय?” एकाने विचारले. मी ब्रीदर, आकुंचन आणि प्रसरण यांविषयी खुलासा सुरू केला; परंतु आमच्या जीपचा हातब्रेक केवळ दप्तरी अस्तित्वात असल्यामुळे, मी ‘आकुंचन’ या शब्दापर्यंत पोचतो तोच चौघांनी मागून खांदा लावून गाडी पऱ्याच्या मध्यावर नेऊन उभी केली होती.