कुदळीला रजा

लीड्स, ५ मार्च

ती. बाबांस,

आमच्या अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्याचा, फोटो पाहून तुम्ही फर्मान काढलंत, ‘आधी दोन फूट खणा.’ जागा दहा रॉड, म्हणजे आपले बरोबर अडीच गुंठे, आणि त्यावर कमरेएवढं रान. तरीही कुदळ विकत न घेण्याचा ठराव इथे एकमताने मंजूर झाला आहे. त्याला आळस म्हणण्याआधी आमची बाजू ऐका. तण हे भाऊबंदकीसारखं असतं. जितकं उकराल तितकं माजतं. तणाचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून असतं आणि उजेड लागला की जागं होतं. पहिल्या महायुद्धात तोफांनी फ्लँडर्सची माती उलथीपालथी केली आणि तिथे लाल पॉपी फुलली; बी पेरायला कोणी गेलं नव्हतं. इथली बाइंडवीड नावाची वेल तर आपल्या हरळीची चुलत बहीण शोभावी. खणताना तिचे जितके तुकडे होतील, तितके नवे संसार थाटले जातात.

म्हणून गवत कापून तिथेच पाडायचं, चिकटपट्ट्या काढलेली पुठ्ठ्याची खोकी अंथरायची, वर चार-पाच इंच कुजलेलं खत आणि त्यातच बटाटे. अंधारात तण उपाशी मरतं. मशागत गांडुळं करतात, तीही बिनपगारी. सॉमरसेटचे बागायतदार चार्ल्स डाउडिंग यांनी खणलेला आणि न खणलेला वाफा वर्षानुवर्षं शेजारी शेजारी ठेवून पीक तोललं. न खणलेला थोडा सरसच ठरला. आई म्हणेल, वेल पुठ्ठा फोडून वर येईलच. येईल. पण दरवेळी शेंडा खुडला की मुळातली शिदोरी आटत जाते. गोगलगायींची भीतीही खरी, म्हणून या ओल्या देशात पेंढ्याचं आच्छादन टाळून मुरलेलं खतच घालायचं. ते महाग पडतं हेही कबूल; म्हणून यंदा एकच गुंठा लावायचा, बाकीचं रान काळ्या प्लॅस्टिकखाली झाकायचं.

उरला तुमचा हुकमी एक्का, ‘आपल्याकडे असलं चालत नाही.’ नेरळला शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी या भातशेतीच्या पद्धतीत गादीवाफे एकदाच करतात. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, जुनी मुळं जमिनीतच कुजू देतात आणि भात पिकवतात. तेव्हा कुदळ पाठवू नका. एकदा नेरळला जाऊन या, मग रागवा.

तुमचीच,
लीड्सची आळशी मंडळी