शाळा हाकेच्या अंतरावर

माझा साडू अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात प्लॉट बघतोय हे कळल्यापासून त्याचा दर रविवारी फोन येतो आणि तो एकच गोष्ट सांगतो, "घराचं नंतर बघा, आधी शाळेचं रेटिंग बघा. दहापैकी आठच्या खाली असेल तर त्या भागात पाय ठेवू नका."

त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. तिकडे सरकारी शाळेचा बराचसा खर्च त्या भागातल्या घरपट्टीतून निघतो आणि मूल कुठल्या शाळेत जाणार, हे बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरतं. शाळा चांगली म्हणून घरं महाग, घरं महाग म्हणून घरपट्टी भक्कम, घरपट्टी भक्कम म्हणून शाळा आणखी चांगली. जत्रेतल्या पाळण्यासारखं हे फिरत राहतं आणि आमचा साडू त्यात तीस वर्षांचं कर्ज मांडीवर घेऊन बसलाय. आमच्याकडे घरपट्टीचा आणि शाळेचा संबंध एवढाच, की दोन्हींच्या थकबाकीची आठवण मार्चमध्ये एकदम होते.

शहाद्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत एकसष्ट हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावाला उपनगरं कुठली, असं पुण्या-मुंबईकडच्यांना वाटेल. पण आहेत. डोंगरगाव रस्त्याला आहेत, प्रकाशा गावाच्या अंगाला आहेत, खेतियाकडे आहेत, लोणखेडा-मलोणीकडे तर गाव कुठे संपलं नि दुसरं कुठे लागलं हे ग्रामपंचायतीलाच ठाऊक. मुंबईचं उपनगर लोकलने दीड तासावर असतं. आमच्या उपनगरात बसस्टँडवर चहा पिऊन निघालेला माणूस तोंडात चहाची चव असतानाच पोचतो.

शिवाय शहादा हे शाळा-कॉलेजांचं गाव. पी. के. अण्णा पाटलांनी पुरुषोत्तमनगरला सातपुडा साखर कारखाना उभा केला, तशीच पूज्य साने गुरुजींच्या नावाची शिक्षणसंस्थाही वाढवली. आज तिथे पोरगं शाळेत घालावं नि फार्मसी किंवा इंजिनिअरिंग करूनच बाहेर काढावं, अशी सोय आहे. उसाने तालुक्याला पैसा दिला आणि शाळांनी तो खर्च करायला जागा दिली. प्लॉटवाल्यांना हे आपल्या आधी कळलेलं असतं.

आमचा प्लॉटवाला भाऊ भर मे महिन्यात पांढरा शर्ट घालून मोटारसायकलवर आला. "बजेट?" मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही, फक्त गाडीचं तोंड गावाबाहेर वळवलं. आमच्या आकड्याच्या मानाने आधी डांबर संपलं, मग खडी संपली, मग केळीची बाग लागली आणि ती ओलांडल्यावर पपईच्या वावराशेजारी चुन्याच्या रेघा मारलेला लेआउट आला. दाराशी बोर्ड, 'शाळा हाकेच्या अंतरावर'. हाक कोणी मारायची, हे लिहिलेलं नव्हतं.

"इकडे शाळा, तिकडे कॉलेज, पलीकडे दवाखाना," भाऊ हात फिरवत होता. हाताच्या दिशेला सगळीकडे कापसाच्या पऱ्हाट्या होत्या. एन.ए.चं विचारलं तर "होई जाई." रस्त्याचं विचारलं तर "होई जाई." ओपन स्पेस मात्र झालेली होती, तिच्यात एक म्हैस बांधली होती. आमच्या सौभाग्यवतींनी म्हशीच्या मालकीणबाईंना गाठलं आणि पाण्याचं विचारलं. आजीबाई म्हणाल्या, "पानी तिसरा दिनले येस, बाई. शाळानी गाडी मातर रोज येस."

त्या एका वाक्यात शहाद्याचा सगळा गृहबाजार होता. पत्त्यावरून शाळा ठरते ती साडूकडे. आमच्याकडे शाळा ठरते फीवरून आणि गाडी दारापर्यंत येते का यावरून. सकाळी पावणेसातला कुठल्याही चौकात उभं राहा. डोंगरगाव रस्त्याची पोरं लोणखेड्याकडे निघालेली असतात आणि लोणखेड्याची पोरं डोंगरगाव रस्त्याकडे. दोन्ही पिवळ्या गाड्या एकमेकींना हॉर्न देऊन जातात. शेजारच्या शाळेत पोरगं घालणं हे आपल्याकडे जरा कमीपणाचंच. लोक विचारतात, "तिकडे ॲडमिशन मिळाली नाही का?"

प्लॉटवाल्या भाऊने आणखी एक पान टाकून बघितलं, "आर.टी.ई.मध्ये बसाल. किलोमीटरच्या आतच शे." 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा राखीव आहेत; सोडत निघते आणि घर शाळेच्या जितकं जवळ तितकं बरं. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत तो रद्द केला. म्हणजे भाऊ कायद्याच्या बाबतीत अद्ययावत होता. अडचण आमची होती. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाखाची. पतपेढीतल्या नोकरीत माझं उत्पन्न गरीब म्हणवायला जास्त आणि प्लॉट घ्यायला कमी, अशा नेमक्या जागी येऊन थांबलंय.

मग मी नवीन युक्ती काढली. शिक्षक कुठे प्लॉट घेतात ते बघायचं. त्यांना शाळांची आतली माहिती. शिक्षकांची वस्ती छान निघाली, झाडं, रांगोळ्या, दारोदारी तुळस. फक्त पोरं दिसेनात. चौकशी केली तर कोणाचं लातूरला, कोणाचं नाशकात, एक थेट कोट्याला.

तेव्हा लक्षात आलं की चांगली शाळा नेहमी एक मुक्काम पुढे असते. धडगावचा माणूस पोरांसाठी शहाद्यात खोली करतो. आमच्या खालच्या गल्लीत असं एक बिऱ्हाड आहे. बाई आणि दोन पोरं इथे, गडी गावाकडे शेती सांभाळतो आणि शनिवारी मोटारसायकलला दुधाची किटली नि पपयांचं पोतं लटकवून येतो. शहाद्याचा माणूस नाशकाकडे बघतो, नाशिकचा पुण्याकडे, पुण्याचा एडिसनकडे. आणि गेल्या रविवारी साडू म्हणाला, त्यांच्या शाळेचं रेटिंग आठवरून सातवर आलंय, शेजारच्या गावात घरं बघतोय.

त्या पपईच्या वावराजवळ खरोखरच हाकेच्या अंतरावर एक शाळा होती, जिल्हा परिषदेची. बोर्डवाल्याने ती धरलीच नव्हती. सुट्टी संपून शाळा उघडल्यावर आम्ही पुन्हा तो प्लॉट बघायला गेलो, तेव्हा सहज डोकावलो. ओसरीवर पोरं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करत बसली होती. एक पोरगी अकराव्या चिंचोक्यासाठी भांडत होती आणि गुरुजी तिच्याशी अहिराणीत, शेजारच्या पोराशी भिलीत आणि फळ्याशी मराठीत बोलत होते. आम्हाला बघून उठले. "ॲडमिशनला आलात?"

"नाही, प्लॉट बघायला," सौ. म्हणाली.

"सगळे प्लॉटच बघायला येतात," गुरुजी म्हणाले आणि चिंचोक्यांकडे वळले.

परतताना सौ. गाडीवर मागे बसून बराच वेळ गप्प होती. आमच्या घरात हे लक्षण खर्चिक असतं. या खेपेला स्वस्तात सुटलो. प्लॉट आम्ही तिथला घेतला नाही, एक दिवसाआड पाणी येतं अशा ठिकाणी थोडा लहान घेतला. पण पोरगी त्याच गुरुजींकडे पहिलीत आहे. सायकलवर सोडून येतो. साडूला रेटिंग काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.

तुम्हाला शहाद्यात प्लॉट बघायचाच असेल तर मे महिन्यात येऊ नका. तेव्हा सगळेच लेआउट कोरडे आणि सगळ्याच शाळा जवळ असतात. जुलैत या. पोराच्या पायात पी.टी.चे पांढरे बूट घाला आणि त्याला प्लॉटपासून शाळेपर्यंत चालवत न्या. तापीखोऱ्यातली ही काळी माती आहे, कापसाला उत्तम. एकेका बुटाला अर्धा-अर्धा किलो लागून पोरगं जिथे बसकण मारेल, तिथपर्यंतचंच अंतर खरं धरा. आणि सौदा करण्याआधी म्हैसवाल्या आजींना पाण्याचं नक्की विचारा.